बिरोबाची काठी आणि दुपारचं विमान

माझ्या सासूबाईंनी अगदी शेवटपर्यंत गल्लीत असंच सांगितलं, की आमची सून विमानांना शिट्टी मारते. एसटीचा कंडक्टर घंटी मारतो, तशी हिनं शिट्टी मारली की विमान निघतं. मी दोन-चार वेळा समजावून पाहिलं आणि मग नाद सोडला. एक तर त्यांना त्या शिट्टीचा फार अभिमान होता. दुसरं म्हणजे मी खरोखर काय करते हे सांगायला लागलं, की ऐकणाऱ्याचं लक्ष तिसऱ्या वाक्याला उडतं. माझ्या नवऱ्याचंही उडायचं, आणि तो तर प्राध्यापक.

मी हवाई वाहतूक नियंत्रक होते. नोकरीची बरीच वर्षं चिकलठाण्याच्या विमानतळावर गेली, काचेच्या त्या उंच खोलीत. तेव्हा गावाचं नाव औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. वारा मात्र तेव्हाही पश्चिमेचा होता आणि आजही तोच आहे. माहेर माझं वैजापूरकडचं. वडील कांदा घेऊन मोंढ्यात जायचे. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "तिथं तुझं कुणी ऐकतं का?" मी म्हटलं, "वैमानिकांना ऐकावंच लागतं." त्यावर ते म्हणाले, "मग बरंय. घरी तर तुझं कुणी ऐकत नाय."

आमच्या टॉवरला गिऱ्हाइकं तशी कमी, पण जी यायची ती नामी. फोन कुठून कसा जोडला जायचा कोण जाणे! एकदा एका गृहस्थांनी घाईघाईनं सांगितलं, "मॅडम, मी क्रांती चौकात अडकलोय. पाच मिनिटं विमान धरून ठेवा. मी साहेबांचा मेहुणा आहे." मी विचारलं, "कोणत्या साहेबांचा?" ते म्हणाले, "ते पोहोचल्यावर सांगतो." विमान गेलं, साहेब कोण ते आजतागायत कळलेलं नाही. दुसऱ्या एक बाई दर उन्हाळ्यात फोन करायच्या, की आज गच्चीवर पापड घातलेत, विमान जरा पलीकडून न्या. मी दरवर्षी "बघते" म्हणायचे. चवथ्या वर्षी त्यांनी पापडांचा डबाच पाठवून दिला. त्यांच्या मते मी ऐकत होते.

आता कामाचं थोडं सांगते. लक्ष उडू देऊ नका, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

आभाळ स्वच्छ असलं की वैमानिकाला धावपट्टी दुरून दिसते आणि तो उतरतो. यात सांगण्यासारखं काही नाही. पण ढग खाली आलेले असले, म्हणजे त्याला विमानाच्या काचेपुढं नुसता पांढरा कापूस दिसत असला, की तो उतरतो ते कागदावरच्या रस्त्यानं. जमिनीवर एक बीकन असतो, म्हणजे दिशा आणि अंतर सांगणारं रेडिओचं यंत्र. बीकनपासून इतक्या अंतरावर इतकी उंची, मग वळण, मग आणखी इतकं खाली, असा तो रस्ता आखून दिलेला असतो. लाईट गेल्यावर आपण घरातला जिना उतरतो ना, तसंच. पायरी कुठं संपते आणि वळण कुठं येतं, हे पायाला ठाऊक असतं म्हणून आपण पडत नाही. फरक एवढाच, की हा जिना दुसऱ्या कुणी मोजलेला असतो आणि उतरणाऱ्यानं त्या मोजणीवर सगळ्यांच्या जिवाचा भरवसा ठेवलेला असतो.

या जिन्याला एक शेवटची पायरी असते. तिथं पोहोचल्यावर धावपट्टी दिसली तर उतरायचं. नाही दिसली तर आणखी एक हातसुद्धा खाली न येता सरळ वर जायचं. ही शेवटची पायरी किती उंचीवर असावी हे वैमानिक ठरवत नाही आणि मीही ठरवत नाही. त्या वाटेखाली जमिनीवर सगळ्यात उंच जे काही उभं असेल, ते ठरवतं. कारखान्याची चिमणी असो, पाण्याची टाकी असो की कडुलिंबाचं झाड. त्याच्या शेंड्याच्या वर ठरावीक जागा मोकळी सोडायची आणि मग पायरी बांधायची. खाली शेंडा वाढला, की वर पायरी वाढली. पायरी वाढली, की ढगाळ दिवशी उतरणारी विमानं कमी झाली. माझ्या आयुष्यातली निम्मी भांडणं या एका गोष्टीपायी झाली आहेत. कुणाला वरचा मजला चढवायचा असतो, कुणाला होर्डिंग लावायचं असतं, आणि मधे ही वैजापूरची बाई नाही म्हणायला बसलेली.

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. म्हणून पावसाळाभर आमची विमानं पूर्वेकडून, जालन्याच्या अंगानं यायची. तेव्हा त्या बाजूला बीकनवरच काम चालायचं. उतरण बिनचूक दाखवणारी पुढची यंत्रणा यायची होती. आणि नेमकी त्या वाटेखाली, एका टेकाडावर, धनगरांची एक वाडी आहे. दिवाळीनंतर ही मंडळी मेंढरं घेऊन दूरदूर जातात, पावसाळ्यात घरी असतात. म्हणून त्यांच्या बिरोबाची जत्रा श्रावणातली. जत्रेच्या दिवशी सकाळी देवापुढं काठी उभी करतात. काठी म्हणजे एकात एक बसवलेले उंच बांबू, वर पिवळं निशाण, घुंगरं, मोरपिसं. दोर लावून, खाली कैच्या, म्हणजे कात्रीसारखे बांधलेले टेकू, देऊन सगळी वाडी ती उभी करते, आणि एकदा उभी राहिली की सांजेला पालखी देवळात परत येईपर्यंत ती उतरायची नाही.

वाटेतल्या उंच गोष्टींची मोजणी करायला मी पहिल्यांदा त्या वाडीवर गेले, तेव्हा काठीचे मानकरी धोंडिबा भेटले. उंच, वाळकी शरीरयष्टी, खांद्यावर घोंगडी, आणि डोळ्यांत सतत कसला तरी मिश्कीलपणा. मी काठीची उंची विचारली तर म्हणाले, "ताई, आमची काठी भुईतून वर जाती, तुमचं इमान आभाळातून खाली येतं. मधी जागा लई मोकळी हाय. भांडण कशापायी?"

मी तिथंच मातीत काडीनं जिना काढून दाखवला. धोंडिबांनी उकिडवं बसून नीट पाहिलं. प्रश्नही मोठा नेमका विचारला. "म्हंजी वरच्याला दिसत नाय. तुम्ही सांगता तेवढ्यावर तो येतो?"

"मी सांगते त्यावर नाही. इथं जे मोजलंय त्यावर."

"मंग मोजा," ते म्हणाले. "आमच्यापायी कुणी आंधळा पडाया नको."

उंची ठरली पाच परस. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढं माप. खेड्यात विहिरीची खोली याच मापानं सांगतात. पाच परसांची काठी उभी केली की निशाण शेजारच्या कडुलिंबाच्या शेंड्याला येतं, एवढं मी पाहून घेतलं आणि नकाशात तशी नोंद करवली. त्यानंतर कितीतरी जत्रा झाल्या. बोलल्याप्रमाणे काठी पाच परसांच्या वर बोटभरही गेली नाही. लेखी करारनामे करून मजले चढवणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे या वाडीबद्दल मला फार आदर होता.

धोंडिबांची लेक सुनंदा वाडीतली पहिली शिकलेली मुलगी. शहरात राहून नर्स झाली, लग्न झालं, आणि नवरा-बायको दोघंही आखाताकडं नोकरीला गेले. तिथंच तिला मुलगा झाला. बाळंतपणाला येणं जमलं नाही, पुढंही काही ना काही आडवं येत गेलं. धोंडिबा विमानतळाच्या फाटकाशी मेंढरं घेऊन दिसले की मी विचारायचे, "काय म्हणतेय सुनंदा?" ते वर हात करायचे, "तुमच्याच रस्त्यानं गेली, तुमच्याच रस्त्यानं यील."

आणि एका श्रावणात ते खरोखरच नारळ घेऊन फाटकाशी आले. मी ड्यूटी संपवून निघाले होते.

"ताई, परवा जत्रा. आन परवाच लेक यायलीय. मुंबईहून दुपारचं इमान हाय ना, त्यात. नातू बी हाय. म्या आजून तोंड नाय बघितलं त्याचं."

"अरे वा! मग यंदा जत्रा जोरात."

"जोरात म्हंजी! नवस बोललो होतो. लेक सुखरूप आली की फेडीन म्हणलं. पर दम निघंना. देवाला कशापायी तिष्ठत ठिवायचं? आधीच फेडून टाकला."

नवस कसला ते मी विचारलं नाही. दुसऱ्याचा नवस विचारू नये असं आमच्या घरी मानतात. धोंडिबांनी नारळ माझ्या हातात दिला आणि जरा आवाज खाली आणून म्हणाले, "परवा तुमीच असा वर. नीट उतरवा."

असल्या विनंतीला आम्ही हसतो. विमान वैमानिक उतरवतो. मी फक्त वाट मोकळी आहे की नाही ते बघते आणि तसं सांगते. पण त्या म्हाताऱ्याला हे सांगायला जीभ उचलली नाही. मी "व्हय" म्हटलं, आणि परवाची दुपारची पाळी मागून घेतली.

जत्रेच्या दिवशी सकाळी आभाळ उंच होतं. मी टॉवरमध्ये गेले तेव्हा ते भराभर खाली यायला लागलं होतं. पाऊस नुसता भुरभुर, पण ढग मोठे जड. आम्हा नियंत्रकांची एक सवय असते. खुर्चीवर बसायच्या आधी चारी दिशांच्या ठरलेल्या खुणा बघून घ्यायच्या. कोणती चिमणी दिसते, कोणती टाकी पुसट झाली, यावरून किती लांबचं दिसतंय ते कळतं. मी दुर्बीण फिरवत पूर्वेला आले. कडुलिंब दिसला. आणि कडुलिंबाच्या शेंड्याच्या बऱ्याच वर, एकटंच फडफडणारं पिवळं निशाण दिसलं.

मी दुर्बीण पुसली. पुन्हा पाहिलं. एवढ्यात पावसाचा एक पदर टेकाडावरून गेला आणि कडुलिंब, निशाण, सगळंच दिसेनासं झालं.

माझा पहिला विचार अगदी गावठी होता. फसवलं म्हाताऱ्यानं! इतक्या वर्षांत नाही आणि आज, लेक येणार त्याच दिवशी, तोऱ्यात काठी वाढवली! मी रागानं नुसती पेटले. मुंबईचं विमान निघालेलं होतं.

मी आमच्या विमानतळाच्या साहेबांना फोन करून काठीचं सांगितलं. साहेब स्वभावानं गोड. म्हणाले, "अहो, थोडी वर असेल. विमान काही काठीला घासून जात नाही. मधे भरपूर जागा सोडलेली असते."

ते खरं होतं, तेही लपवत नाही. पण ती मोकळी जागा वापरायला ठेवलेली नसते. विमानातलं उंचीचं यंत्र थोडं चुकलं, वाऱ्यानं खाली दाबलं, वैमानिकाची नजर क्षणभर ढळली, असल्या चुकांसाठी ती राखून ठेवलेली असते. तिच्यातला तुकडा काठीला दिला, तर उद्या होर्डिंगवाल्याला का नाही? मी साहेबांना म्हटलं, "किती वर आहे ते कुणी मोजलंय? न मोजलेली काठी म्हणजे कितीही उंच काठी. वैमानिकाला मी हे सांगणारच." साहेब म्हणाले, "जीप पाठवतो."

अग्निशमन विभागाची जीप घेऊन सलीमभाई गेले. ते या भागातलेच. वाड्या-वस्त्या, पायवाटा, कुत्री, सगळी त्यांच्या ओळखीची. त्यांच्याकडे वॉकीटॉकी होता.

इकडे मुंबईचं विमान संपर्कात आलं. मी वैमानिकाला परिस्थिती सांगितली. पूर्वेच्या वाटेखाली एक नवी उंच वस्तू आहे, तिची उंची माहीत नाही, ढगाचा तळ जेमतेम शेवटच्या पायरीच्या वर आहे. त्यानं विचारलं, वस्तू कसली? मी म्हटलं, देवाची काठी. इंग्रजीत ते वाक्य काही केल्या नीट होईना. मग शांत आवाजात तो म्हणाला, "उंची कळत नाही तोवर मी खाली येत नाही." उलट बाजूनं उतरायला वारा पाठीमागून येत होता, तोही जोराचा. तो म्हणाला, बीकनवर घिरट्या घालतो. अर्ध्या-पाऊण तासाचं इंधन आहे, नंतर मुंबईला परत जावं लागेल.

म्हणजे सुनंदा, कडेवर लेकरू घेऊन, वाडीच्या डोक्यावरून परत जाणार होती.

वॉकीटॉकीवर सलीमभाई आले. मागं ढोलांचा कल्लोळ. "मॅडम, काठी उतनीच है, पाँचइच परस. मैं ख़ुद पूछा. पण नीचे नवा चौथरा बांधे बाबा, देव के सामने. दीड परस का. उसके ऊपर खड़ी किये सो है."

माझा राग जागच्या जागी विरला. त्यांनी शब्द मोडलाच नव्हता. पाच परसांची काठी पाच परसांचीच होती. चौथरा नवसाचा, म्हणजे देवाचा. देवाचा चौथरा काठीच्या मापात धरायचा, हे त्यांच्या मनातसुद्धा कसं येणार? लेक सुखरूप यावी म्हणून बोललेला नवस, तोही घाईनं आधी फेडलेला, तोच आता तिच्या वाटेत उभा होता.

"काठी उतरवायला सांगा, सलीमभाई."

"बोल्या मैं. नई सुनते. बोलते, खड़ी किये सो काठी शाम तलक उतरतीच नई."

"धोंडिबांना द्या यंत्र."

खरखर झाली, मग त्यांचा श्वास ऐकू आला. हे यंत्र त्यांनी जन्मात हातात धरलं नव्हतं. सलीमभाई मागून सांगत होते, ये बटण दबाके बोलो.

"ताई," ते म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "आसं नका सांगू. आमच्या आज्याच्या आज्यापासून पालखीआधी काठी उतरलेली नाय. आन आज लेक वर हाय. तिच्या नवसाची काठी म्या माझ्या हातानं पाडू? तिचं कायी बरंवाईट झालं मंग?"

आता काय सांगायचं? मला जिने, पायऱ्या, फूट, मैल, सगळं पाठ होतं आणि त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. दुसऱ्या कानात वैमानिकाचा आवाज येत होता, इंधनाचा आकडा सांगत होता. मी त्याला थांबायला सांगितलं आणि वॉकीटॉकीवर म्हटलं, "धोंडिबा, ढोल थांबवायला सांगा."

"का?"

"थांबवा तर."

ढोल थांबले. क्षणभर नुसता वारा आणि घुंगरांची किणकिण ऐकू आली. मग त्यातून, ढगाच्या आतून, लांबून जवळ येत जाणारी घरघर.

"ऐकू येतंय?" मी म्हटलं. "ती सुनंदा आहे. तुमच्या डोक्यावर गोल फिरतेय. तिला खाली काही दिसत नाही, आणि काठी उभी आहे तोवर तो वैमानिक खाली येणार नाही. थोड्या वेळानं ती मुंबईला परत जाईल."

घरघर वाडीवरून पुढं सरकत गेली. मग धोंडिबा इतक्या हळू बोलले, की मी यंत्र कानात खुपसलं.

"देव काय म्हणंल, ताई?"

खरं तर देवाच्या वतीनं बोलायचा अधिकार मला कुणी दिलेला नव्हता. पण तोंडातून निघून गेलं. "नवस लेक यावी म्हणून होता की काठी उभी राहावी म्हणून? देवाला माहीत नसेल का?"

बटण सुटलं. खरखर बंद. त्यानंतर कितीतरी वेळ मला काहीच कळेना. मी पूर्वेकडं बघत होते आणि पूर्वेला पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. आयुष्यात मी इतकं असहाय कधी झाले नव्हते, एका वैमानिकानं इंजिन बंद पडल्याचं कळवलं होतं, त्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी काय करायचं ते निदान पुस्तकात लिहिलेलं होतं.

मग सलीमभाईंचा आवाज आला, धापा टाकत. "मॅडम, उतारे! पण नीचे नई टेकाये. खांद्यापेच है. बाबा बोलते, काठी लेकी को लेने निकली!"

पुढं जत्रेत कुणीकुणी सांगितलं तेव्हा मला त्याचा अर्थ कळला. पाहुणा देव वाडीला आला की त्याला घ्यायला काठी आडवी करून, खांद्यावरून, शिवेपर्यंत नेतात. त्या वेळी ती उतरवलेली धरत नाहीत; ती निघालेली असते. फक्त भुईला टेकवायची नाही. धोंडिबांनी दोरांना हात घातला आणि ओरडले, "पाडायची नाय रं, निघायचंय! लेक यायलीय माझी, शिवंला जायचंय!" आणि जी माणसं तोवर मागं सरत होती, त्यांनी एका दमात काठी खांद्यावर घेतली.

मी वैमानिकाला सांगितलं, अडथळा हटला आहे. शेवटची पायरी पूर्वीचीच. त्यानं तेच शब्द परत उच्चारून दाखवले, आमच्यात तशी रीतच आहे. मग तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर आला, दुसऱ्या, तिसऱ्या. तो उंची सांगत होता आणि मी मनातल्या मनात मोजत होते. ढगाच्या तळातून आधी दोन दिवे दिसले, मग चाकं, मग सगळं विमान, पाण्यानं निथळणारं. ते धावपट्टीला टेकलं तेव्हा मी खुर्चीवर बसले. तोवर उभी होते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

धावपट्टीवरून वळताना वैमानिक म्हणाला, "ढगातून बाहेर आलो तर खाली माणसांची लांब रांग होती, पिवळी. सगळी वर बघत होती. काय होतं ते?" मी म्हटलं, "तोच अडथळा."

चौथऱ्याचं पुढं काय झालं तेही सांगून टाकते. पुढच्या वर्षी देवाला कौल लावला, म्हणजे मूर्तीला फुलं चिकटवली. उजवं फूल पडलं की देवाची संमती. उजवं पडलं. चौथरा देवापुढं तसाच राहिला, काठीचा खड्डा मात्र टेकाडाच्या उतारावर खाली सरकला, आणि मोजणीला धोंडिबांनी मला बोलावून घेतलं. मी टेप नेला होता. त्यांनी परसानं मोजलं. दोन्ही जमले.

पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं. नोकरीत एक खंत मला कायम राहिली. मी हजारो माणसं सुखरूप खाली आलेली पाहिली, पण विमानासकट. त्यांचे चेहरे कधी पाहिले नाहीत. विमान थांबतं, दार उघडतं, तेव्हा आमचे डोळे पुढच्या विमानाकडं लागलेले असतात. त्या दिवशी मात्र मी सोबतच्या नियंत्रकाच्या हाती माइक दिला आणि जिना उतरून फाटकाशी गेले.

ढोलांचा आवाज आधी आला. मग रस्त्याच्या वळणावर काठी दिसली. निशाण पुढं, मागं खांद्याला खांदा लावून सगळी वाडी, भंडाऱ्याच्या हळदीनं पिवळी झालेली, चिखलानं माखलेले पाय. सुरक्षेचे जवान काय करावं ते न सुचून नुसते बघत राहिले. सुनंदा ट्रॉली ढकलत बाहेर आली. कडेवरचं पोर ढोलाला घाबरून तिच्या मानेत शिरलं होतं. धोंडिबा काठीखालून निघाले नाहीत. खांदा काढला तर काठी टेकेल ना! तसेच उभे राहिले, डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळा नाही. सुनंदाच त्यांच्यापाशी गेली आणि पोराचा गाल तिनं त्यांच्या गालाला लावला. मी रडले. वर्दीत रडू नये म्हणतात, पण रडले.

पाऊस थांबला होता. ढग फाटून पश्चिमेला ऊन पडलं होतं. मी धोंडिबांजवळ जाऊन म्हटलं, "आता न्या वाडीवर आणि उभी करा. आभाळ मोकळं झालंय. संध्याकाळी दिल्लीचं विमान आहे, पण त्याला दिसेल. मी सांगीन त्याला."

त्यांनी वर पाहिलं. आभाळ, ऊन, सगळं नीट पाहून घेतलं.

"ढग परत आला तर?"

"तर बघू."

"नाय," ते म्हणाले, आणि खांद्यावरची काठी जरा सावरून घेतली. "सांजंपत्तुर खांद्यावरच ऱ्हाऊ द्या. वर कुणाची तरी लेक आसंलच की."